कोंबडीच्या भ्रूणातला पायाचा कोंब काढून मोटर न्यूरॉन मोजायचे आहेत: नागपुरात, एमएस्सी प्रकल्पात जमेल का?

प्रश्न: मेरुरज्जू_नागपूर

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्राचा प्रकल्प ठरवायचा आहे. डिसेंबर ते एप्रिल असा वेळ आहे. रिटा लेवी-मोन्ताल्चिनी यांनी युद्धकाळात तुरीनला घरच्या बेडरूममध्ये कोंबडीच्या भ्रूणावर जे काम करून एनजीएफ (चेतापेशींना जगवणारं आणि वाढवणारं प्रथिन) शोधला, तोच प्रयोग छोट्या प्रमाणावर करायचा विचार आहे.

हाताशी काय आहे: साधा थर्मोस्टॅटवाला इन्क्युबेटर (कूलिंग नाही), स्टिरिओ मायक्रोस्कोप, रोटरी मायक्रोटोम, पॅराफिनचं सगळं सामान, साधा कंपाउंड मायक्रोस्कोप. क्रायोस्टॅट (गोठवलेल्या ऊतीचे काप घेणारं यंत्र) आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही.

बेत असा: तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा कोंब (लिंब बड) काढायचा, नवव्या दिवशी भ्रूण फिक्स करायचा, मेरुरज्जूचे काप घेऊन दोन्ही बाजूंचे मोटर न्यूरॉन (स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी) मोजायचे. उजवीकडे कमी भरतील. निष्कर्ष: पाय नाही, म्हणून एनजीएफ नाही, म्हणून पेशी मेल्या.

विचारायचं आहे ते: फलित अंडी किती आणि कुठून आणू? खिडकी पाडण्यापासून कोंब काढण्यापर्यंत नेमकं कसं करायचं? मोजणी कशी करतात? आणि पुढे डेव्हलपमेंटल न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची तर अशा जुन्या प्रयोगाला कोणी किंमत देतं का?

---

प्रतिसाद १: पेशीगणक

सामान पुरेसं आहे. बेतात मात्र दोन चुका आहेत, आणि दोन्ही अंडं फोडायच्या आधी दुरुस्त कराव्या लागतील.

पहिली मोठी. नवव्या दिवशी उजवीकडे कमी न्यूरॉन दिसणं ही १९३४ सालची गोष्ट आहे, आणि ती व्हिक्टर हॅम्बर्गर यांची. त्यांनी पंखाचा कोंब काढला, त्या बाजूला मोटर न्यूरॉन कमी भरले, आणि त्यांनी अर्थ लावला की अवयवाकडून संदेश न आल्यामुळे पेशी न्यूरॉन *झाल्याच नाहीत*. लेवी-मोन्ताल्चिनी आणि त्यांचे गुरू ज्युसेप्पे लेवी यांनी तोच प्रकार केला, पण भ्रूण वेगवेगळ्या दिवशी फिक्स करून मालिका लावली. तेव्हा दिसलं की न्यूरॉन आधी व्यवस्थित तयार होतात आणि *नंतर मरतात*. सगळा वाद या दोन शब्दांतला आहे. तुम्ही फक्त नवव्या दिवसाचे काप घेतलेत तर दोन्ही अर्थ तितकेच बरोबर ठरतील, म्हणजे प्रयोगातून काहीच ठरणार नाही.

म्हणून किमान तीन टप्पे घ्या: साडेपाच, सात आणि नऊ दिवस. साडेपाचला दोन्ही बाजू जवळपास सारख्या भरायला हव्यात. सातला उजवीकडे काळे, आक्रसलेले, गोळा झालेले केंद्रक (पिक्नोटिक) भरपूर दिसायला हवेत. नऊला मोठी तूट. साडेपाचची बरोबरी हाच तुमचा खरा निकाल आहे, नवव्या दिवसाची तूट नव्हे.

डावी बाजू स्थिर राहील असंही समजू नका. पाय शाबूत असला तरी मोटर न्यूरॉन मरतातच. हॅम्बर्गर यांच्या १९७५ च्या मोजणीत कमरेच्या भागात एका बाजूला सहाव्या दिवशी सुमारे २०,००० होते ते दहाव्यापर्यंत सुमारे १२,००० वर आले. ज्या बाजूचा पाय काढलेला असतो तिथे दहापैकी नऊच्या आसपास जातात. त्यामुळे ‘डावीच्या तुलनेत उजवी’ हे गुणोत्तर द्याच, पण प्रत्येक टप्प्याचे दोन्ही बाजूंचे प्रत्यक्ष आकडेही वेगळे द्या.

दुसरी चूक एनजीएफची. बेडरूममध्ये एनजीएफ सापडला नाही. तिथलं काम पेशी मरण्याचं. लेवी-मोन्ताल्चिनी १९४७ मध्ये हॅम्बर्गर यांच्याकडे सेंट लुइसला गेल्या. एल्मर ब्यूकर यांनी १९४८ मध्ये उंदराचा सार्कोमा १८० (एक कर्करोगी गाठ) भ्रूणात रोवल्यावर त्यात मज्जातंतू शिरतात हे दाखवलं होतं, तो धागा लेवी-मोन्ताल्चिनी आणि हॅम्बर्गर यांनी पुढे नेला. १९५२ मध्ये रिओ दि जानेरोला हेर्टा मायर यांच्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत गाठीशेजारी ठेवलेल्या गँग्लिऑनभोवती (चेतापेशींच्या गुच्छाभोवती) तंतूंचं तेजोवलय उगवलं. पुढच्या वर्षी स्टॅन्ली कोहेन आले. क्रियाशील भागात न्यूक्लिइक आम्ल आहे का हे बघायला त्यांनी ते तोडणारं एन्झाइम म्हणून सापाचं विष घातलं, तर विषच गाठीपेक्षा कितीतरी जास्त प्रभावी निघालं. विषाची ग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचीच बहीण, म्हणून मग नर उंदराची लाळग्रंथी, आणि तिथे खजिना. १९८६ चं नोबेल लेवी-मोन्ताल्चिनी आणि कोहेन यांना. हॅम्बर्गर त्यात नव्हते, यावर अजूनही लोक हळहळतात, आणि माझ्या मते त्यात तथ्य आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे: एनजीएफवर जगतात ते सिंपथेटिक न्यूरॉन आणि डॉर्सल रूट गँग्लिऑनमधले (मेरुरज्जूच्या बाजूच्या गुच्छांतले) काही संवेदी न्यूरॉन. मोटर न्यूरॉन नाहीत. त्यांच्यासाठी बीडीएनएफ, जीडीएनएफ वगैरे वेगळे घटक आहेत आणि तिथे एकच एक राजा नाही. ‘एनजीएफ न मिळाल्याने मोटर न्यूरॉन मेले’ हे वाक्य प्रबंधात दिसलं की परीक्षक पुढचं पान उलटणार नाही.

---

प्रतिसाद २: रिंगर_७२

वरचं सगळं मान्य. हाताच्या कामाचं मी सांगते.

अंडी. किराणा दुकानातली चालत नाहीत, त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो. ब्रीडर फार्मची किंवा हॅचरीची ‘उबवणीची अंडी’ असं स्पष्ट सांगून घ्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुक्कुटपालनवाल्यांना विचारलं तर जवळचा पुरवठादार कळेल. गावरान अंडी स्वस्त पडतात, पण किती दिवसांची आहेत ते कळत नाही आणि वाढ मागेपुढे होते, मालिकेसाठी ती नकोत. एकदम पन्नास लावू नका. दर खेपेला १२ ते १५, अशा चार खेपा. सुरुवातीला ऑपरेशन केलेल्यांपैकी अर्धे जगले तरी पुष्कळ.

आणल्यावर बोथट बाजू वर ठेवून १३ ते १६ अंशांत अर्धा-एक दिवस विसावू द्या, दुचाकीवरून हिंदकळलेली लगेच लावली तर मरतात. याच तापमानात आठवडाभर टिकतात. साध्या फ्रिजचे ४ अंश नकोत.

इन्क्युबेटर. ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, खाली पाण्याचा पसरट ट्रे. अंडी आडवी ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. मार्कर नको, त्याचं द्रावण कवचाच्या छिद्रांतून आत उतरतं. थर्मामीटर अंड्यांच्या पातळीला ठेवा, दरवाजावरचा आकडा खोटं बोलतो.

आता नागपूरचं. तुमच्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं. खोलीच ४२ वर गेली की तो बंद पडून नुसता बघत बसणार, आणि भ्रूण शिजणार. दोन-चार तास वीज जाऊन थंड पडलेला भ्रूण बहुधा सावरतो, वाढ फक्त मागे पडते. तापलेला सावरत नाही. शिवाय उन्हाळ्यात अंडी आणतानाच २५ अंशांच्या वर जातात, वाढ वाटेतच अर्धवट सुरू होते आणि तुमचा ‘शून्य तास’ कोणता ते कळत नाही. म्हणून भ्रूणाचं सगळं काम होळीच्या आत संपवा. मार्च-एप्रिल काप आणि मोजणीला ठेवा. नवतप्यात (मे-अखेरच्या कडक उन्हात) भ्रूणाचं काम करतो म्हणणाऱ्याला नमस्कार.

पांढरा काढणं. ४८ तासांनी, उशीर नको. नंतर भ्रूण आणि रक्तवाहिन्या कवचाला टेकतात. बोथट टोकाला छोटं भोक, १८ गेजची सुई, ५ मिलीची सिरिंज. सुईचं तोंड तिरकं खाली, कवचाच्या तळाकडे. ३ मिली पांढरा हळू ओढा. पिवळं आलं तर बलक फुटला, ते अंडं टाका. भोकावर टेप. यामुळे भ्रूण कवचापासून खाली बसतो आणि खिडकी पाडताना कापला जात नाही.

खिडकी. वरच्या बाजूला पारदर्शक टेप चिकटवा आणि टेपसकट बारीक वाकड्या कात्रीने दीड बाय दोन सेंमीची खिडकी कापा. टेपमुळे कवचाची भुकटी आत पडत नाही. पडलीच तर चिमट्याने टिपू नका, रिंगरच्या (खाली दिलेल्या क्षारद्रावणाच्या) थेंबाने बाजूला सारा.

रिंगर, एक लिटरला: सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ०.२३ ग्रॅम. सामू ७.२ ते ७.४. बाटलीवर कॅल्शियम क्लोराइड कोणतं लिहिलंय ते बघा, निर्जल असेल तर ०.१७. फॉस्फेट घालून एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तर तळाला पांढरा गाळ बसतो, तो कॅल्शियमच असतो. वापरण्याआधी पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. हे वगळलंत तर एक-दोन दिवसांत खिडकीतून बुरशी तुमच्याकडे बघेल.

कोंब काढणं. हॅम्बर्गर-हॅमिल्टनचे (भ्रूणाची वाढ मोजायचे ठरलेले) टप्पे १७-१८, म्हणजे सोमाइट (पाठीच्या कण्याशेजारचे ऊतीचे ठोकळे) साधारण ३० ते ३६. तास ६० ते ६८ पडतात, पण घड्याळावर जाऊ नका, सोमाइट मोजा. या वयात भ्रूण डाव्या कुशीवर वळलेला असतो, उजवी बाजू वर, म्हणून ऑपरेशन उजवीकडे. पायाचा कोंब २६ ते ३२ सोमाइटच्या शेजारी. पंखापेक्षा पाय सोपा, कारण ॲम्निऑन (भ्रूणाभोवतीचा पडदा) डोक्याकडून मिटत येतो आणि शेवटचं लंबगोल भोक नेमकं कमरेवर उरतं. टप्पा १७ ला पोचलात तर ॲम्निऑन फाडायचीही गरज पडत नाही.

उजेड तिरका, थंड एलईडीचा. हॅलोजनखाली भ्रूण पाच मिनिटांत सुकतो. शाई टोचायची गरज या वयात नाही, रक्तवाहिन्यांनीच सगळं दिसतं. टोचायचीच असेल तर दुकानातली कुठलीही काळी शाई नको, लाखेची असते आणि भ्रूण मारते.

हत्यारं: ५ नंबरचे दोन चिमटे (मुळात घड्याळजीचेच, सीताबर्डीला घड्याळाचं सुटं सामान विकणाऱ्यांकडे विचारून बघा) आणि टंगस्टनची सुई. तार ०.२५ मिमी, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कमी व्होल्टेजवर टोक बुडवून-काढून धार येते. नसेल तर इन्सुलिनची ३१ गेजची सुई चालते, धार दोन-तीन भ्रूणांत जाते.

फक्त कोंबावरचा पडदा फाडा. सुई कोंबाच्या बुडाशी, सोमाइटच्या रांगेला समांतर, डोक्याकडून शेपटीकडे. चुका दोनच होतात. वरवर कापलंत तर उरलेल्या भागातून लहानसा पाय पुन्हा उगवतो. खोल कापलंत तर सोमाइट किंवा शेजारची कार्डिनल शीर दुखावते, आणि मग न्यूरॉन कमी का झाले हे सांगता येत नाही. रक्त आलं आणि थांबलं नाही तर तो भ्रूण मोजणीतून बाद, जगला तरी बाद.

दर खेपेला दोन-तीन भ्रूणांत पडदा फाडा पण कोंबाला हात लावू नका. हा शॅम गट नसेल तर सगळं लटकं आहे.

शेवटी रिंगरचे दोन-तीन थेंब, खिडकीवर रुंद टेप, कडा नखाने दाबून. यानंतर अंडं फिरवायचं नाही, कलवायचं नाही. दुसऱ्याच दिवशी मेलेले बहुतेक टेपच्या फटीतून सुकून मेलेले असतात.

एक राहिलं: संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला आधीच एक पानाचं पत्र देऊन लेखी उत्तर घ्या, नऊ दिवसांपुढे नेणार नाही हे त्यात लिहा.

---

प्रतिसाद ३: पेशीगणक

मोजणीचं राहिलं होतं.

फिक्स करताना आधी स्टिरिओखाली पाहा. उजवीकडे लहानसं ठूठ दिसलं तरी तो भ्रूण वेगळा काढा, वगळला म्हणून नोंद ठेवा. मग डाव्या कुशीला एक खाच पाडा. मेणात गेल्यावर डावं-उजवं कळत नाही, आणि साडेपाच दिवसांच्या भ्रूणात, जिथे दोन्ही बाजू सारख्या निघायला हव्यात, तिथे ही खाचच तुमची अब्रू राखेल.

बुइन (फिक्स करायचं पिवळं द्रावण) वापरा: साडेपाचच्या भ्रूणाला ६ ते ८ तास, नऊच्याला रात्रभर. ७० टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा जाईपर्यंत धुवा, चिमूटभर लिथियम कार्बोनेटने लवकर जातो. पिवळं राहिलं तर रंग नीट चढत नाही. झायलीनमध्ये कमीत कमी वेळ, नाहीतर भ्रूण पापडासारखा तडकतो. लहान भ्रूण मेणात दिसेनासा होतो, म्हणून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये किंचित इओसिन घाला. गुलाबी ठिपका दिसला की ठोकळा सरळ लावता येतो.

सरळ लावणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. ठोकळा कलला तर एकाच कापात डावी बाजू एका पातळीची आणि उजवी दुसऱ्या पातळीची येते. दोन्ही बाजूंची गँग्लिऑन एकाच कापात सारख्या आकाराची दिसतात का ते शॅम भ्रूणात तपासा.

जाडी १० मायक्रॉन, सलग काप, कमरेचा पूर्ण भाग (मेरुखंड २३ ते ३०). मार्चनंतर मेण मऊ पडतं, रिबन चिकटते. ६० ते ६२ अंशांचं मेण घ्या, ठोकळा बर्फावर ठेवा आणि सकाळी आठच्या आत कापा. रंगासाठी ०.१ टक्के क्रेसिल व्हायोलेट किंवा थायोनिन. हिमॅटॉक्सिलिन-इओसिननेही चालतं, पण मोटर न्यूरॉनचा निसल पदार्थ (पेशीतला रंग धरणारा कणदार भाग) क्रेसिलने खुलतो.

दर दहावा काप मोजा. खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यातल्या मोठ्या पेशी, केंद्रक स्पष्ट आणि केंद्रिका दिसत असेल तरच. पिक्नोटिक वेगळ्या रकान्यात. मग ॲबरक्रॉम्बी दुरुस्ती (१९४६): मोजलेली संख्या × जाडी ÷ (जाडी + केंद्रकाचा सरासरी व्यास). जाडी १० आणि व्यास ५ असेल तर १० ÷ १५, म्हणजे ३०० मोजलेत तर खरे २००. नंतर दहाने गुणा. मरायला टेकलेल्या पेशींची केंद्रकं आक्रसतात, त्यामुळे व्यास दोन्ही बाजूंचा आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा मोजा. एकच व्यास सगळीकडे लावला तर दुरुस्तीच चूक घडवते.

पिक्नोटिक कमी दिसले म्हणून मृत्यू कमी, असं नाही. मेलेली पेशी काही तासांत साफ होते. एका क्षणी जे दिसतं ते एकूण मृत्यूचा छोटा तुकडा असतो.

स्लाइडवरच्या चिठ्ठ्या मित्राकडून झाकून घ्या, क्रमांक त्याच्याकडेच राहू द्या. नवव्या दिवशी बाजू आपोआप कळते, तिथे इलाज नाही. साडेपाचला मात्र झाकलंच पाहिजे.

त्याच कापांत डॉर्सल रूट गँग्लिऑन फुकटात मिळतात, तेही मोजा. एनजीएफचा परिच्छेद लिहायचाच असेल तर तो तिथे शोभेल.

---

प्रतिसाद ४: अमरावतीरोड_बायो

दोघांनी छान सांगितलं. रेणवीय बाजूचं थोडं आणि पीएचडीचं.

केवळ हिमॅटॉक्सिलिनवर शीर्षकात ‘अपोप्टोसिस’ लिहू नका, ‘पेशीमृत्यू’ लिहा. अपोप्टोसिस म्हणायचं तर ट्यूनेल (तुटलेला डीएनए दाखवणारी चाचणी) किंवा सक्रिय कॅस्पेज-३ (पेशीमृत्यू घडवणारं एन्झाइम) दाखवावं लागतं. दुसऱ्या संस्थेत क्रायोस्टॅट आणि फ्लुरोसन्स मिळालं तर पैसे आयलेट-१ च्या (मोटर न्यूरॉन ओळखायला वापरतात त्या प्रथिनाच्या) प्रतिपिंडावर घाला: आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेतला ३९.४डी५, कोंबडीत चालतो, व्यापारी कंपन्यांपेक्षा खूप स्वस्त. मात्र तो गँग्लिऑनच्या पेशींनाही रंगवतो, आणि बुइनमधले काप त्याला देऊ नका. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, बर्फावर दोन तास, मग ३० टक्के साखरेत बुडेपर्यंत. मागणी डिसेंबरला करू म्हणाल तर प्रकल्प संपल्यावर पार्सल येईल.

पीएचडी: वाट नेहमीचीच, सीएसआयआर-नेट, गेट, टीआयएफआरची जीवशास्त्राची परीक्षा. मुंबईत टीआयएफआरला शुभा टोळे यांचा गट मेंदूच्या कॉर्टेक्सच्या घडणीवर काम करतो. बंगळुरूचं एनसीबीएस, मानेसरचं एनबीआरसी, हैदराबादचं सीसीएमबी, पुण्याचं आयसर ही बाकीची दारं. मुलाखतीत यंत्रांची यादी फार कोणी विचारत नाही. विचारतात ते हे: “दुसरं गृहीतक खरं असतं तर तुम्हाला काय दिसलं असतं?” साडेपाच दिवसांचा आलेख समोर ठेवून याचं उत्तर देता आलं तर प्रयोग १९४२ चा आहे की कालचा याने फरक पडत नाही. लेवी-मोन्ताल्चिनींच्या आयुष्यातही भ्रूणविज्ञान आधी आलं, प्रथिन नंतर; कोहेन यांना शुद्ध काय करायचं ते गँग्लिऑनच्या वलयानेच सांगितलं. तेव्हा मोजणी शिकण्यात कमीपणा मानू नका, आणि क्रिस्परचा (जनुक-संपादनाचा) एक परिच्छेद उगाच शेवटी चिकटवूही नका.

---

मेरुरज्जू_नागपूर

मनापासून आभार. बदललेला बेत: चार खेपा, जानेवारी ते फेब्रुवारी. टप्पे ५.५, ७ आणि ९ दिवस, प्रत्येकी ऑपरेशनवाले ५ आणि शॅम ३. निष्कर्षातून एनजीएफ काढला, गँग्लिऑनची मोजणी घातली. एकच शंका: अंडी कोणत्या वेळी लावू, म्हणजे ऑपरेशन कॉलेजच्या वेळेत येईल?

---

रिंगर_७२

रविवारी संध्याकाळी सहाला लावा. मंगळवारी सहाला पांढरा काढा, बुधवारी सकाळी दहा ते बारा ऑपरेशन. १५ अंशांवरचं अंडं तापायला काही तास खातं, त्यामुळे थंडीत बुधवारी दहाच्या आधी टप्पा १७ सहसा येत नाही. साडेपाच दिवस शनिवारी सकाळी भरतात, सात दिवस रविवारी संध्याकाळी, नऊ मंगळवारी संध्याकाळी. रविवारी विभागाला कुलूप असतं, किल्लीचं चौकीदाराशी आधीच बोलून ठेवा. आणि प्रत्येक खेपेचे भ्रूण तिन्ही टप्प्यांत वाटा, एक खेप एका टप्प्याला असं करू नका. नाहीतर एखाद्या खेपेची अंडी खराब निघाली की तो टप्पाच गेला.